डाव्या खांद्याची बंदूक

९ मार्च २०२५

दादा,

अक्षर ओळखून तू पाकीट न फोडता ठेवून देशील असं वाटलं, म्हणून पत्ता टाइप करून चिकटवला आहे. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, त्यावर मला काही म्हणायचं नाही. एक माहिती हवी आहे, आणि ती तुझ्याइतकी नीट सांगणारं दुसरं कोणी मला ठाऊक नाही.

माझी सिया जूनमध्ये चौदाची होईल. तिला बदकांच्या शिकारीला जायचं आहे.

लंडनकडच्या लोकांना हे सांगितलं की ते माझ्याकडे बघत राहतात. मावशीची मंजिरी तर फोनवर म्हणाली, "ताई, तुमच्याकडे टेस्कोचं दुकान नाही का?" पण आमच्या लिंकनशरच्या किनाऱ्यावर यात कोणाला काही वावगं वाटत नाही. वॉश नावाची मोठी उथळ खाडी आहे. ओहोटीला नजर पोहोचेल तिथपर्यंत चिखल आणि गवत, भरतीला सगळं पाणी. हिवाळ्यात उत्तरेकडून बदकं येतात आणि गावातली माणसं उजाडायच्या आत तिथे जाऊन बसतात. मारलेलं घरी आणून खातात. माझ्या सासरी मार्टिनचे आजोबा जायचे, वडील जातात. सिया पाच वर्षांचीही नव्हती तेव्हापासून खाडीच्या बांधावर उभी राहून आवाजावरून बदकं ओळखते.

तिच्यासाठी बंदूक कोणती, हा प्रश्न आहे. मार्टिनचे वडील केन म्हणतात, नवी कशाला, मार्टिनची आहे ना. बारा बोरची, शेजारी शेजारी दोन नळ्यांची. "दस्ता थोडा कापला की झालं. पोरं वाढतात." परवा स्वयंपाकघरात त्यांनी ती सियाच्या हातात दिली. तिने खांद्याला लावली आणि नळी हळूहळू खाली खाली गेली. केन म्हणाले, जमेल. सिया म्हणाली, जमेल. मला ते बघवलं नाही, पण का बघवलं नाही ते मला सांगता येईना, कारण मला त्यातलं काही कळत नाही.

तू इतकी वर्षं नेमबाजीच्या रेंजवर मुलांना शिकवतोस. तुझ्या त्या विद्यार्थिनीचा पेपरातला फोटो मंजिरीने मला पाठवला होता. केवढीशी आहे ती. लहान मुलाला पहिली बंदूक कशी द्यावी, तेवढं मला लिही. दुसरं काही लिहू नकोस हवं तर.

इकडे सगळं ठीक आहे.

सुनेत्रा


२७ एप्रिल २०२५

दादा,

तुझं उत्तर आलं. वर नाव नाही, खाली सही नाही, आणि अर्ध्या पानावर नुसते प्रश्न. तरी मी ते तीनदा वाचलं. दोन ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलं आहेस.

उत्तरं देते. उंची माझ्या कानापर्यंत आहे. अंगाने मार्टिनसारखी, म्हणजे हाडं लांब पण मांस नाही. पोहते, त्यामुळे खांदे बरे आहेत. आतापर्यंत तिने मार्टिनच्या एअर रायफलने डबे पाडले आहेत, छऱ्यांची बंदूक कधी उडवलेली नाही. घाबरत नाही, पण घाबरली तरी सांगणार नाही. दोन्ही हातांचा त्रिकोण करून त्यातून लांबची वस्तू बघायला लावायचं, मग एकेक डोळा मिटायचा, हे तू सांगितलेलं केलं. आम्ही चर्चच्या शिखरावरचा कोंबडा धरला. उजवा डोळा मिटला तर कोंबडा जागेवर, डावा मिटला की कोंबडा पळाला. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. म्हणजे लिहिते उजव्या हाताने, पण तिचा नेमाचा डोळा डावा आहे. हे चांगलं की वाईट?

शेवटी तू विचारलं आहेस, "मार्टिन स्वतः शिकारी आहे. त्याला सोडून मला का विचारतेस?"

मार्टिन नाही, दादा. मार्टिनला जाऊन दोन वर्षं झाली.

त्या जानेवारीत तो पहाटे एकटा गेला. एकट्याने जायचं नाही असा त्यांचा नियम आहे. नेहमी केन आणि तो मिळून जायचे. पण केनना ताप होता, ते अंथरुणात होते. धुकं उतरलं. तिथे चिखलात ओहोळ आहेत, आणि भरतीचं पाणी समोरून येत नाही, ते या ओहोळांमधून मागे जाऊन बसतं. माणूस पुढे बघत असतो आणि परतीची वाट बंद झालेली असते. दुपारी बांधावर त्याने बरोबर नेलेली कुत्री एकटी आली, गळ्यापर्यंत भिजलेली. मग हेलिकॉप्टर, बोटी, गावातली सगळी माणसं. तो सापडत नव्हता.

मी रोज जाऊन बांधावर उभी राहत होते. त्याच आठवड्यात तुझा फोन आला की आईचे थोडेच दिवस उरलेत, ती विचारते आहे, कधी निघतेस. मी म्हटलं, रजा मिळत नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हाही तेच म्हटलं. आईला कळू नये एवढंच डोक्यात होतं. तुला सांगितलं असतं तर तुझा चेहरा बघून तिने ओळखलं असतं. आई गेली तेव्हा मार्टिन अजून पाण्यातच होता. तू म्हणालास, "आता येऊ नकोस. आता कोणासाठी येणार?" मी फोन ठेवला. त्यानंतर तुला काही सांगण्याचं त्राण माझ्यात नव्हतं, आणि मंजिरीलाही मी शपथ घातली.

हे लिहून मी तुझ्याकडे काही मागत नाही. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

बंदूक त्याच्याबरोबरच गेली होती. वसंतात एका कोळ्याच्या जाळ्यात आली, मिठाने आणि गंजाने खाल्लेली. केननी ती घरी आणली आणि तेव्हापासून त्यांच्या शेडमध्ये बसून ती घासत होते. आता ती नव्यासारखी दिसते. बंदूक दुरुस्त करणाऱ्या माणसानेही तपासून ती वापरण्यासारखी आहे असं लिहून दिलं आहे. ती सियाला द्यायची आहे.

आता सांग, काय करू?

सुनेत्रा


२२ जून २०२५

दादा,

तू फोन केलास आणि काही बोलला नाहीस. मीही बोलले नाही. तुझ्या मागे कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी झाली, मग तू ठेवलास. तो फोन मला पोहोचला, एवढं कळवते.

नंतर आलेली तुझी तीन पानं मी वरच्या खणात ठेवली आहेत. सगळी बंदुकीबद्दलच आहेत, आणि कोपऱ्यात आडवं लिहिलेलं ते एक वाक्य, "आईला सांगितलं असतंस तर ती म्हणाली असती, तिथेच थांब." हे मला कधी सुचलंच नव्हतं. खरंच तसंच म्हणाली असती ती.

तुझं म्हणणं मला समजलं ते असं: वीस बोरची घ्यायची, कारण बोरचा आकडा मोठा तशी नळी बारीक, आणि एकावर एक नळ्या असलेली, म्हणजे नेम धरताना डोळ्यासमोर एकच नळी येते. फार हलकी नको, हलकी बंदूक खांद्याला जास्त लाथ मारते. आणि डावा डोळा असेल तर पहिल्या दिवसापासून डाव्या खांद्याला शिकवायचं. मार्टिनचा दस्ता उजव्या माणसासाठी वळवलेला आहे, तो तिच्या गालाला कधीच बसणार नाही. हे सगळं मी पाठ केलं. केनना सांगायला धीर होत नव्हता.

मग मागच्या आठवड्यात इथे ऊन पडलं, शाळेतली पोरं अर्ध्या चड्ड्यांवर आली, आणि सिया लांब बाह्यांचा शर्ट घालून हिंडत होती. स्विमिंगला जायचं नाही म्हणाली. मी तिला जवळ बोलावून कॉलर बाजूला केली. उजवा खांदा काळा-जांभळा, कडेने पिवळा.

"कधीपासून?"

"ग्रँडॅडचा मित्राचा शेत आहे ना, तिथे जातो आम्ही. मातीचे प्लेट उडवतात. तू नको सांगू त्याला."

"दुखत नाही?"

"दुखते. पण तो डॅडचा बंदूक आहे, ममा. मी नाही म्हटली तर ग्रँडॅड रडेल."

"केन रडतात?"

"तू नसते तेव्हा."

तू लिहिलं होतंस, ज्या बंदुकीने लागतं ती लागते हे मूल लपवतं, मग डोळे मिटून चाप ओढायला लागतं आणि पुढे ते मोडता येत नाही. मी तिला विचारलं, डोळे मिटतेस का? तिने कॉलर वर ओढून घेतली.

मी केनच्या शेडमध्ये गेले. ते टेबलाशी उभे होते आणि बंदूक फडक्यावर आडवी होती. मी तुझी पानं इंग्रजीत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुझ्या भावाने कधी चिखलात उभं राहून बदक मारलंय?"

"नाही. पण त्याने पुष्कळ मुलं शिकवली आहेत."

"मीही मार्टिनला शिकवलं," ते म्हणाले.

 ते वाक्य तिथेच राहिलं. कुत्री उठून दाराबाहेर गेली.

मी शेवटी तुझं एक वाक्य जसंच्या तसं सांगितलं: मार्टिनची बंदूक मार्टिनच्या मापाची आहे, ती कापून सियाची होणार नाही, फक्त मार्टिनची राहणार नाही. केननी फडकं घडी केलं. म्हणाले, "दस्ता मी अजून कापलेला नाही." मला वाटलं ते भांडतील. त्यांनी भांडायला हवं होतं.

सुनेत्रा


१४ सप्टेंबर २०२५

दादा,

बंदूक घेतली. तुला आधी कळवायचं होतं, पण परवान्याच्या भानगडीत उन्हाळा गेला.

दुकानात केन आत आलेच नाहीत. गाडीत कुत्रीला मांडीवर घेऊन बसून राहिले. दुकानातल्या बाईंनी सियाच्या कोपरापासून बोटापर्यंत माप घेतलं आणि तुझ्यासारखेच प्रश्न विचारले, तेव्हा मला उगीच अभिमान वाटला. दोन-तीन बंदुका हातात देऊन बघितल्या. मग एक वीस बोरची दिली, दस्ता आखूड, डाव्या हातासाठी वळवलेला. सियाने ती डाव्या खांद्याला लावली. तिला गाल खाली न्यावा लागला नाही. बाई समोर बोट धरून उभ्या होत्या, म्हणाल्या, "हिचा डोळा थेट माझ्या बोटावर आहे." सिया हसली नाही, पण मला तिचा चेहरा सैल झालेला दिसला. दोन वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.

मी बाहेर जाऊन केनना बोलावलं. ते आले, बंदूक उघडली, नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं, मिटली. "ठीक आहे," म्हणाले. मग सियाचा कोपर दोन बोटं वर उचलून दिला. 

बंदूक केनच्या घरी, त्यांच्या लोखंडी कपाटात राहते. सिया पंधराची होईपर्यंत मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय तिला हात लावता येत नाही. त्या कपाटात मार्टिनचीही आहे, न कापलेली.

एक गोष्ट सांगते. पोलिसांच्या बंदूक-परवाना खात्याचे एक गृहस्थ घर बघायला आले होते. भले होते. केनच्या परवान्याचंही नूतनीकरण होतं. त्यांनी कपाट हलवून पाहिलं, कुलूप पाहिलं, आणि चहा घेता घेता विचारलं, "झोप लागते का? मन फार उदास होतं का?" केन म्हणाले, "म्हातारा माणूस आहे. झोप लागते तेव्हा लागते." गृहस्थ माझ्याकडे वळले. "घरच्यांना काही काळजी?"

त्या घराचा फ्रिज मी उघडला होता. त्यात दूध आणि कुत्रीचं खाणं होतं. मार्टिनचे छातीपर्यंतचे रबरी बूट अजून मागच्या दाराशी उभे आहेत, आत कागद कोंबून, म्हणजे आकार जाऊ नये. केन जेवतात ते सिंकपाशी उभ्याने. आणि खिडकीतून सिया माझ्याकडे बघत होती, कारण हो म्हटलं तर तिचा हिवाळा गेला.

मी म्हटलं, "नाही. काही नाही."

तुझी ती विद्यार्थिनी दिल्लीला खेळायला जाणार म्हणालास, तिचं काय झालं? सिया विचारते. तिला आता तुझ्याबद्दल पुष्कळ प्रश्न आहेत. "मामा स्वतः डावा आहे का?"

सुनेत्रा


२३ नोव्हेंबर २०२५

दादा,

काल आम्ही गेलो. हे मी तुला नीट ओळीने लिहिणार आहे, कारण कोणालातरी सांगायला हवं आणि इथे ज्यांना सांगायचं ते तिथेच होते.

मी बरोबर जाणार असं आधीच ठरवलं होतं. केन म्हणाले, तू कशाला, तुला थंडी सोसत नाही. मी मार्टिनचं जाकीट घातलं. तिघं आणि कुत्री बांध उतरलो. एवढी वर्षं मी बांधावर उभी राहिले, पण पलीकडे कधी गेले नव्हते. दादा, तिथे काहीच नाही. गवत, चिखल, आणि वर आभाळ. केन पुढे काठीने चाचपत चालले होते, सियाची पावलं बरोबर त्यांच्या पावलांवर. एक मोठा ओहोळ ओलांडला. तळाला पाणी घोट्याएवढं होतं. केन म्हणाले, "हा लक्षात ठेवा. परत येताना हाच." मग एका छोट्या घळीत पाठ टेकून बसलो.

उजाडलं तसा आवाज सुरू झाला, शिट्ट्यांसारखा. सिया त्या बदकांचं नाव कुजबुजली, "विजन." काही वेळ नुसते आवाज. मग तीन पक्षी डावीकडून खाली आले. केन म्हणाले, "तुझे." सिया उठली, डाव्या खांद्याला बंदूक आली, आणि मधला पक्षी पडला. सरळ, दगडासारखा. कुत्रीने आणून केनच्या हातात दिला, केननी सियाच्या हातात. तिने हातमोजा काढून त्याच्या पोटावर हात ठेवला. "गरम आहे," म्हणाली. एवढंच. तिने डोळे मिटले नव्हते, मी तिच्याचकडे बघत होते. तुला हे कळायला हवं.

तिने पुन्हा बंदूक उचलली नाही, आणि केननी आग्रह केला नाही.

परतायची वेळ ठरलेली होती. ती झाली. मी केनकडे पाहिलं. ते समोर बघत होते. मी म्हटलं, "केन, निघायचं?"

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "वाट सियाला माहीत आहे. मी बसतो थोडा."

"बसता म्हणजे?"

"इथून सगळं दिसतं," ते म्हणाले. "तो इथेच बसायचा. ही आमची जागा."

मला हे माहीत नव्हतं. मी इतके महिने सियाकडे लक्ष ठेवून होते. ही पोर तिथे बापाला शोधायला जाते आहे, ती तिथे काही वेडंवाकडं करेल, याच भीतीने मी तिचा खांदा बघितला, झोप बघितली, फोन बघितला. आणि मला त्या घळीत कळलं की मी चुकीच्या माणसाकडे बघत होते. केननी आपली बंदूक आधीच रिकामी करून पिशवीत घातली होती. त्यांनी कुत्रीचा पट्टा सियाच्या हातात दिला होता. नीट, विचार करून दिला होता.

मागे ओहोळात पाणी वाजायला लागलं. नळ सोडल्यासारखा आवाज होता. मी त्यांचा दंड धरला आणि ओढलं. ते हलले नाहीत. मोठे आहेत अंगाने. मी म्हटलं, तुम्ही आत्ता उठला नाहीत तर मी... आणि पुन्हा ओढलं.

सियाने तिची बंदूक उघडून रिकामी केली, पिशवीत घातली, चेन लावली. मग केनच्या शेजारी चिखलात बसली.

"सिया, तू जा," केन म्हणाले.

"नाही."

"आईला घेऊन जा."

"मी पण बसते थोडा," ती म्हणाली. त्यांचंच वाक्य, त्यांच्याच आवाजात. ती रडत नव्हती. पुढे बघत होती, जसे ते बघत होते.

किती वेळ गेला मला सांगता येत नाही. मी उभी होते आणि पाण्याचा आवाज जाड होत होता. केनचा जबडा हलत होता. मग त्यांनी काठी रोवली आणि तिच्या आधाराने उठले, आणि उठताना त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो मी पुन्हा ऐकू इच्छित नाही.

ओहोळात पाणी मांडीच्या वर आलं होतं. केन प्रवाहाच्या बाजूला उभे राहिले आणि सियाला एका हाताने, मला दुसऱ्या हाताने पार केलं. शेवटी स्वतः आले. आम्हाला पार करेपर्यंत ते क्षणभरही डगमगले नाहीत, आणि बांधावर चढल्यावर खाली बसून त्यांना बूटही काढता येईना.

घरी आणून त्यांना आमच्या सोफ्यावर झोपवलं आहे. सिया दाराशी खुर्ची टाकून बसली आहे.

सुनेत्रा


२५ जानेवारी २०२६

दादा,

तुझी तीन पत्रं आली, मी एकालाही उत्तर दिलं नाही. तू म्हणालास तसं काही ठरवायच्या आधी तुला विचारायला हवं होतं, पण मी त्यानंतरच्या सोमवारीच केनच्या डॉक्टरांना फोन केला होता. मी हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे, अशा वेळी फोन करा म्हणून मीच लोकांना सांगते. सगळं सांगितलं. पोलिसांपुढे काय म्हटलं होतं तेही सांगितलं.

दोन दिवसांनी तेच भले गृहस्थ आले, दुसऱ्या एकाला घेऊन. कपाट रिकामं केलं. केनच्या दोन, मार्टिनची, आणि सियाचीही, कारण ती त्याच कपाटात होती. मार्टिनची उचलताना केन म्हणाले, "तिला तेल लावून ठेवा. नुसती ठेवू नका." त्या माणसाने हो म्हटलं. माझ्याकडे केननी पाहिलं नाही.

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. औषधं घेतात, एक बाई आठवड्याला येऊन त्यांच्याशी बोलते, ते तिच्याशी बोलतात की नाही माहीत नाही. मी डबा घेऊन जाते तर दार उघडून डबा घेतात आणि आधीचा धुतलेला परत देतात. सियाला मात्र आत घेतात. ती शनिवारी सायकलने जाते, कुत्रीला फिरवते, दोघं टीव्हीवर स्नूकर बघतात.

मी सियाला विचारलं, तुझी बंदूक गेली, रागावलीस का माझ्यावर? 

"तू बरोबर केला, ममा. पण ग्रँडॅडला नको सांगू मी असं म्हटली."

मार्टिनला तीन वर्षं झाली त्या दिवशी आम्ही बांधावर गेलो. केन आधीच तिथे होते. आम्ही जाऊन त्यांच्यापासून थोड्या अंतरावर उभ्या राहिलो, मग सिया त्यांच्याजवळ गेली, आणि मी एकटीच उभी राहणं बरं दिसेना म्हणून मीही गेले. भरती आत येत होती. वरून बदकं गेली. सियाने नावं सांगितली, त्यांनी मान हलवली. त्यांचे हात रिकामे होते, आणि त्यांना ते कुठे ठेवावे हे कळत नव्हतं.

मग ते मला म्हणाले, "तू मला तिथे बसू द्यायला हवं होतंस."

रागाने नाही म्हणाले. तू काल दार लावायला विसरलीस, असं एखाद्याला सांगावं तसं.

मी म्हटलं, "मला तसं करता आलं नसतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. मी थर्मासमधला चहा ओतून पुढे केला. त्यांनी तो घेतला, आणि प्यायले नाहीत. निवेपर्यंत हातात धरून राहिले. याच्यापेक्षा जास्त मला सांगण्यासारखं काही झालेलं नाही. ते बरे होतील असं डॉक्टर म्हणतात. मला रोज सकाळी त्यांच्या चिमणीतून धूर निघेपर्यंत चैन पडत नाही.

तू मे महिन्यात येतो म्हणून लिहिलं आहेस. सियाला डाव्या खांद्याला आणखी पक्कं करायचं, पायांची ठेवण बघायची, तुझ्याबरोबर जवळच्या रेंजवर न्यायचं, असं सगळं पानभर. तिकीट काढायच्या आधी तुला एक सांगायला हवं. सियाची बंदूक परत मिळू शकेल, आम्ही वेगळं कपाट घेऊन अर्ज केला तर. मी तिला विचारलं. ती म्हणाली, इतक्यात नको. कदाचित कधीच नको. ते तिलाही माहीत नाही. तेव्हा शिकवायला इथे काही नाही. आईबद्दल बोलावं लागेल, आणि मार्टिनबद्दल, आणि केन तुझ्याशी बोलतील असंही नाही. दिवस मोठे असतात मेमध्ये, आणि आमच्या गावात बघण्यासारखं काही नाही.

इथे आता बंदूक नाही, दादा. तरी येशील का?

सुनेत्रा